संकेतस्थळाचा शोधक्रम आणि समाजमाध्यमांचा उपयोग

गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायती, सहकारी संस्था, शाळा, ग्रंथालये आणि स्त्रियांचे स्वयंसाहाय्य गट यांनी आपापली संकेतस्थळे उभी केली आहेत. संकेतस्थळ तयार होते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र वृत्तपत्रात छापून येते. तथापि वर्ष उलटले तरी बाहेरचा माणूस तेथे फिरकत नाही, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. याचे कारण उघड आहे. परगावचा ग्राहक किंवा अभ्यासक संकेतस्थळाचा पत्ता पाठ करून येत नसतो. तो गूगलसारख्या शोधयंत्रात दोन-चार शब्द लिहितो आणि समोर आलेल्या यादीतील वरच्या काही नावांपैकी एखादे उघडतो. यादीच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर पडलेले संकेतस्थळ त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते.

नेमकी ही अडचण ओळखून काही दलाल अशा संस्थांकडे येतात. समाजमाध्यमांवर पाच हजार लाईक मिळवून दिल्या की शोधात पहिला क्रमांक आपोआप लागेल, असे त्यांचे सांगणे असते आणि गटाच्या तुटपुंज्या शिलकीतून त्यासाठी मोठी रक्कम मागितली जाते. या सांगण्यात तथ्य किती, समाजमाध्यमे आणि शोधक्रम यांचा खरा संबंध कोणता, आणि तो संबंध पदरचे पैसे न घालविता कसा जोडता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन हवेतच राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवणे सोयीचे होईल. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला गावच्या परिसरात डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर पिकणारी लाल मिरची प्रसिद्ध आहे. लोणच्याला आणि रेशाद मसाल्याला ती आवर्जून वापरली जाते व तिला भौगोलिक मानांकनाची कायदेशीर मान्यताही लाभली आहे. असे समजू की या भागातील एका स्वयंसाहाय्य गटाने या मिरचीसाठी संकेतस्थळ उघडले आहे. मुंबईतील किंवा परदेशातील एखाद्या गोमंतकीय कुटुंबाने ‘खोला मिरची’ हे शब्द शोधले, तर त्यांच्यापुढे मूळ उत्पादकांचे पान आधी यावे, की त्या नावाखाली कोठलीही मिरची विकणाऱ्या व्यापाऱ्याचे? हा प्रश्न केवळ मानाचा नाही. गटाच्या वर्षभराच्या कष्टाच्या मोबदल्याचा आहे.

शोधयंत्र काय पाहते

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याच्या स्वयंचलित आज्ञावल्या एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्या पानावर अशा अखंड फिरत असतात आणि दिसेल ते पान वाचतात. दुवा म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘लिंक’. वाचलेल्या पानांतील शब्दांची एक प्रचंड सूची तयार होते; ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशीच ही असते, फक्त येथे ग्रंथ एक नसून अब्जावधी पाने असतात. शोधणाऱ्याने शब्द लिहिताच या सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावणे, हा तिसरा आणि सर्वांत अवघड टप्पा होय.

क्रम कशावरून लावावा? १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शोधयंत्रे मुख्यतः पानावर तो शब्द किती वेळा आला आहे, यावर भिस्त ठेवीत. त्याचा परिणाम असा झाला की, एकच शब्द शंभर वेळा लिहिलेली निरर्थक पाने यादीत वर येऊ लागली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये यावर एक वेगळा उपाय मांडला. विद्वानांच्या लेखनात ज्या ग्रंथाचा आधार वारंवार घेतला जातो, तो ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. त्याच न्यायाने ज्या पानाकडे इतर पानांनी दुवे दिले आहेत, ते पान महत्त्वाचे मानावे, आणि दुवा देणारे पान स्वतः जितके प्रतिष्ठित, तितके त्याच्या दुव्याला अधिक वजन द्यावे, असे त्यांचे सूत्र होते. या पद्धतीस ‘पेजरँक’ असे नाव मिळाले आणि त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली. दुवा ही एक साक्ष आहे, ही कल्पना पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे. गावात कोणाच्याही शब्दावर जमिनीचा व्यवहार होत नाही. साक्षीदार कोण आहे, हे पाहिले जाते. शोधयंत्रही तेच पाहते.

आज क्रम लावताना इतर अनेक निकष विचारात घेतले जातात. मजकुराचा दर्जा, पान उघडण्यास लागणारा वेळ, शोधणाऱ्याचे ठिकाण व भाषा, पान मोबाईल फोनवर नीट वाचता येते की नाही, या सर्वांचा त्यात समावेश होतो. तरीही दुव्याच्या साक्षीचे महत्त्व संपलेले नाही.

समाजमाध्यमावरील दुव्याची किंमत

साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही उभे राहतात. लोकांच्या प्रतिक्रियांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांत शिरून आपल्या संकेतस्थळाचे दुवे पेरण्याचा उद्योग २००० नंतर फार बोकाळला. त्याला आळा घालण्यासाठी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जानेवारी २००५ मध्ये एक खूण मान्य केली. दुव्यावर ‘नोफॉलो’ ही खूण लावलेली असली, म्हणजे या दुव्याची साक्ष क्रम लावताना धरू नये, असा तिचा अर्थ होता. ही खूण वाचकाच्या डोळ्यांना दिसत नाही, ती पानाच्या आतील लिपीत असते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने या नियमात थोडा बदल केला. लोकांनी स्वतः टाकलेल्या मजकुरातील दुवे आणि पैसे देऊन लावलेले दुवे यांसाठी दोन निराळ्या खुणा दिल्या, आणि या खुणा म्हणजे सक्तीचा आदेश नसून केवळ सूचना समजल्या जातील, असे जाहीर केले.

प्रमुख समाजमाध्यमांवरील बाहेरच्या दुव्यांना सामान्यतः अशीच खूण लागलेली असते. यास्तव गटाने आपल्या संकेतस्थळाचा दुवा फेसबुकवर दोनशे वेळा टाकला, तरी त्या दोनशे साक्षी शोधयंत्राच्या दरबारात जवळजवळ मोजल्या जात नाहीत. व्हॉट्सॲपची गोष्ट तर त्याहूनही निराळी आहे. त्यावरील संदेश २०१६ पासून पाठविणारा आणि घेणारा यांच्यापुरते बंदिस्त झाले आहेत. शोधयंत्राला ते वाचताच येत नाहीत. मग त्यांतील दुवे मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इन्स्टाग्रामच्या चित्राखाली लिहिलेला पत्ता तर सर्वसाधारणपणे दुवाही होत नाही, नुसती अक्षरेच राहतात.

लाईकची आणि अनुयायांची संख्या तरी मोजली जाते काय? या बाबतीत काही काळ संभ्रम होता. ट्विटरवरून मिळणाऱ्या काही संकेतांचा आपण उपयोग करतो, असे गूगलच्या वतीने डिसेंबर २०१० मध्ये सांगण्यात आले होते. परंतु जानेवारी २०१४ मध्ये गूगलचे त्या वेळचे अधिकारी मॅट कट्स यांनी खुलासा केला की, फेसबुक व ट्विटरवरील पाने इतर पानांसारखीच धरली जातात, आणि लाईक किंवा अनुयायांची संख्या हा क्रम लावण्याचा निकष नाही. ही संख्या यंत्राला नेहमी पाहता येईलच असे नसते, शिवाय ती विकत घेता येते. जी वस्तू बाजारात शेकड्याच्या भावाने मिळते, तिला साक्ष कोण मानील? दलालांच्या आश्वासनाचा पायाच येथे ढासळतो.

मग लाभ होतो तो कसा

असे असले तरी समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ती यंत्राशी बोलत नाहीत, माणसांशी बोलतात; आणि माणसे पुढे जे करतात, ते यंत्राला दिसते. सगळा लाभ या वळणावाटेने होतो. वाट लांबची असल्यामुळे ती चोखाळण्यास धीर लागतो, एवढेच.

खोल्याच्या गटाचे उदाहरण पुन्हा घेऊ. गटातील एकीने मिरची उन्हात वाळविण्याचे एक छोटे चलच्चित्र काढले. मिरची किती दिवस उन्हात ठेवावी लागते, सर आली तर काय करावे लागते, देठ केव्हा काढतात, हे तिने आपल्या बोलीत सांगितले आणि ते फेसबुकवर व यूट्यूबवर टाकले. खाली संकेतस्थळावरील त्याच विषयाच्या सविस्तर पानाचा दुवा दिला. हे चलच्चित्र चारशे लोकांनी पाहिले असे धरू. त्यांतील तीनशे नव्वद जण पाहतील आणि विसरतील. परंतु उरलेल्यांत पाककृती लिहिणारी एखादी स्त्री असेल, एखाद्या वृत्तपत्राचा तालुका वार्ताहर असेल, कृषी महाविद्यालयातील एखादा प्राध्यापक असेल. त्यांपैकी कोणी आपल्या लेखात गटाच्या पानाचा उल्लेख करून दुवा दिला, तर ती खरी साक्ष होय. तिच्यावर सहसा कसली खूण नसते, ती विषयाशी संबंधित जागेवरून आलेली असते आणि ती विकत घेतलेली नसते. अशा तीन-चार साक्षी विकतच्या पाच हजार लाईकपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

दुसरा लाभ नावाचा आहे. ज्यांनी ते चलच्चित्र पाहिले, त्यांतील काही जण महिन्याभराने मिरची घेण्याच्या वेळी गटाचेच नाव शोधयंत्रात लिहितात आणि यादीतून नेमके तेच पान उघडतात. लोक कोणत्या शब्दांसाठी कोणते पान उघडतात, याची नोंद गूगल ठेवते व क्रम लावताना तिचा उपयोग करते, ही गोष्ट अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात उघड झाली. गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या खटल्यात साक्ष दिली. ‘नॅव्हबूस्ट’ नावाची व्यवस्था गेल्या तेरा महिन्यांतील अशा नोंदी वापरते, हे त्यांच्या साक्षीतून बाहेर आले. म्हणजे ओळखीचे झालेले नाव हे स्वतःच एक भांडवल आहे, आणि ओळख वाढविणे हे तर समाजमाध्यमांचे मूळ कामच आहे. मात्र येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. गटातील दहा जणींनी रोज सकाळी आपलेच पान शोधून उघडले, तर काही साधेल, अशी समजूत करून घेऊ नये. असल्या युक्त्यांचा अनुभव यंत्र चालविणाऱ्यांना फार पूर्वीपासून आहे.

तिसरा लाभ असा की, समाजमाध्यमांवरील पाने स्वतः शोधाच्या यादीत येऊ शकतात. यूट्यूब २००६ पासून गूगलच्या मालकीचे आहे, व ‘कसे करावे’ या प्रकारच्या प्रश्नांना यादीत चलच्चित्रे ठळकपणे दाखविली जातात. इन्स्टाग्रामनेही जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांवरील सार्वजनिक छायाचित्रे व चलच्चित्रे शोधयंत्रांना खुली केली आहेत. एकाच यादीत गटाचे संकेतस्थळ, त्याचे फेसबुकवरील पान आणि यूट्यूबवरील चलच्चित्र अशा तीन जागा मिळाल्या, तर तोतया विक्रेत्याला तितकी जागा कमी उरते. यासाठी सर्व ठिकाणी गटाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी अक्षरशः एकसारखे असणे आवश्यक आहे. एका ठिकाणी ‘महिला गट’, दुसऱ्या ठिकाणी ‘महिला मंडळ’ आणि तिसऱ्या ठिकाणी नुसते अध्यक्षबाईंचे नाव, असा प्रकार सर्रास आढळतो. यंत्राला आणि माणसालाही ही तीन निरनिराळी माणसे वाटतात.

आधी आपले पान

तथापि, पाहुण्यांना आमंत्रणे धाडण्यापूर्वी घर झाडून घ्यावे लागते. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या झाडलोटीकडे अक्षम्य दुर्लक्ष झालेले आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

पहिला दोष लिपीचा. युनिकोड ही जगभर मान्य झालेली अक्षरसंकेत पद्धत १९९१ मध्ये आली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तीत स्थान आहे. परंतु आपल्याकडे छपाईच्या सोयीसाठी ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या टंकांची सवय इतकी मुरली की, कित्येक कार्यालयांतून अद्यापही मजकूर त्यांतच तयार होतो. या जुन्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते. प्रत्यक्षात संगणकाच्या स्मरणात रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी असते. शोधयंत्र ती खिचडीच वाचते. ‘मिरची’ हा शब्द पानावर वीस वेळा दिसत असूनही यंत्राच्या दृष्टीने तो एकदाही लिहिलेला नसतो. हे पडताळून पाहणे अगदी सोपे आहे. पानावरील एक ओळ उचलून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवावी. ती देवनागरीत उमटली तर ठीक, अगम्य रोमन अक्षरे उमटली तर सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. त्यासाठी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे मात्र माणसाने डोळ्यांखालून घालावीत.

दुसरा दोष याच्याच जातीचा आहे. परिपत्रक, दरपत्रक किंवा कार्यक्रमाची माहिती कागदावर छापून, त्याचे छायाचित्र काढून तेच पानावर व समाजमाध्यमांवर लावण्याची प्रथा पडली आहे. शुभेच्छापत्रासारखे सजविलेले ते चित्र दिसते सुंदर. पण त्यातील मजकूर यंत्राला बिनचूक उचलता येईल याची शाश्वती नसते, आणि अंध व्यक्तींसाठी असलेल्या वाचन-साधनांनाही तो सहसा वाचता येत नाही. चित्र अवश्य लावावे, परंतु त्यातील मजकूर शेजारी अक्षरांत लिहावा.

तिसरी बाब नावांची आणि ती विशेष मनोरंजक आहे. शोधणारा माणूस कोणता शब्द लिहील, हे आपल्या हाती नसते. बेळगाव लिहिणारे आहेत, बेळगांव लिहिणारे आहेत, आणि २०१४ मध्ये अधिकृत झालेले बेळगावी लिहिणारेही आहेत. बडोदे आणि वडोदरा, इंदूर आणि इंदौर, ग्वाल्हेर आणि ग्वालियर, हैदराबाद आणि हैद्राबाद, अशी जोडनावे बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी वस्तीच्या वाट्याला आली आहेत. तेथील मराठी ग्रंथालयाने किंवा नाट्यमंडळाने आपल्या पानावर एकच रूप वापरले, तर दुसरे रूप लिहिणारा शोधक चुकण्याचा संभव राहतो. शोधयंत्रे अशी रूपे आता बऱ्याच अंशी जुळवून घेतात, पण इंग्रजीत ती जितकी तरबेज आहेत तितकी मराठीत आहेत असे मानून चालू नये. खोल्याच्या मिरचीला कोणी ‘काणकोणची मिरची’ म्हणतो, कोणी कोंकणी धाटणीने ‘खोलची मिरसांग’ म्हणतो, तर कोणी रोमन लिपीत इंग्रजी नाव लिहितो. ही सर्व नावे पानावरील वाक्यांत सहजपणे, एकदा-दोनदा, येतील अशी लेखनाची योजना असावी. नावांची नुसती माळ पानाच्या तळाशी लावणे हा मात्र जुना आणि बदनाम झालेला मार्ग आहे.

यांखेरीज पान मोबाईलवर नीट दिसते ना, एवढे पाहिले म्हणजे पुरे. गूगलने २०१६ मध्ये घोषित केल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने संकेतस्थळांची मोबाईलवरील आवृत्तीच मुख्य मानण्यास प्रारंभ केला आणि २०२३ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाले.

समाजमाध्यमावर टाकावे ते काय

दुवा देताना तो संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा देऊ नये. ज्या विषयासंबंधी लिहिले आहे, त्या विषयाच्या पानाचा द्यावा. वाळवणीचे चलच्चित्र पाहून आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे दिसली, तर तो आल्या पावली परत जातो. चित्राबरोबर चार-सहा वाक्यांचा मजकूर असावा, आणि त्यात पाहणाऱ्याला नवीन अशी एखादी गोष्ट कळावी. ‘आमच्या संकेतस्थळास अवश्य भेट द्या’ या आवाहनाने कोणीही येत नाही. मिरची खरी कशी ओळखावी, यंदा पाऊस लांबल्याने रोपांचे काय झाले, आजी लोणच्याला मीठ कशा हिशेबाने घालीत, यांसारखे विषय घेतले तर लोक थांबतात, विचारतात, दुसऱ्याला सांगतात. लोकांनी विचारलेले प्रश्न तर सोन्यासारखे जपून ठेवावेत. फेसबुकवर पाच जणांनी एकच प्रश्न विचारला, याचा अर्थ तोच प्रश्न कितीतरी लोक शोधयंत्रात लिहीत असले पाहिजेत. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देणारे पान संकेतस्थळावर लिहावे, प्रश्न लोकांच्या शब्दांतच शीर्षकात घ्यावा. समाजमाध्यमांचा हा उपयोग सर्वांत मोलाचा असूनही सर्वांत कमी केला जातो.

शाळांनाही यात वाव आहे. गावाचा इतिहास, स्थानिक झाडे, जुनी मोजमापे यांसंबंधी विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती शाळेच्या संकेतस्थळावर नीट मांडली, तर इतर लोक तिचा आधार घेतात. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यापासून चालू आहे. तेथे गावाविषयीच्या लेखात साधार भर घालणे हे शिक्षकांना शोभेल असे काम आहे. परंतु तेथे आपल्या संस्थेचे दुवे पेरण्यासाठी जाऊ नये. विकिपीडियावरील बाहेरच्या दुव्यांनाही ‘नोफॉलो’ची खूण असते, आणि जाहिरात दिसली की तेथील संपादक ती काढून टाकतात.

शासकीय कार्यालयांसाठी भारत सरकारने २०१२ मध्येच समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक चौकट घालून दिलेली आहे. खाते कोणी चालवावे आणि लोकांना उत्तरे देण्याची जबाबदारी कोणाची, हे कार्यालयाने आधी ठरवून घेतले नाही, तर बदली झालेल्या कर्मचाऱ्याबरोबर खात्याचा परवलीचा शब्दही बदलीच्या गावी जातो.

दलालाची परीक्षा

पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही. गूगल स्वतः आपल्या मार्गदर्शनात अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगते. तरीही दलाल क्रमांक ‘दाखवितो’, तो कसा? एक तर तो असे शब्द निवडतो की जे कोणी कधी शोधणारच नाही. गटाचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि पिन कोड एका दमात लिहिले, तर पहिला क्रमांक कोणताही प्रयत्न न करता येतो. दुसरे म्हणजे तो गटाच्याच फोनवर शोध घेऊन दाखवितो. शोधाचे निकाल ठिकाण आणि पूर्वीचे शोध यांनुसार बदलतात; जो फोन रोज गटाचे पान उघडतो, त्यावर ते पान वर दिसले तर त्यात नवल नाही. परीक्षा घ्यावयाची असेल तर परगावच्या नातेवाइकास त्याच्या फोनवर ‘खोला मिरची’ एवढेच शोधावयास सांगावे.

विकत घेतलेले दुवे तर प्रत्यक्ष अपाय करतात. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या विक्री कंपनीचे प्रकरण उजेडात आणले. विषयाशी कसलाही संबंध नसलेल्या हजारो जागांवर तिच्या संकेतस्थळाचे दुवे पेरलेले होते आणि त्यामुळे ती अनेक वस्तूंच्या शोधात पहिल्या क्रमांकावर येत होती. हे दुवे आपल्या संमतीने लावले गेले नव्हते असे कंपनीने सांगितले आणि शोधक्रमाचे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेशी संबंध तोडला. परंतु गूगलने तिला यादीत खूप खाली ढकलावयाचे ते ढकललेच. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने असे बनावट दुवे ओळखणारी सुधारणा अमलात आणली. मोठी कंपनी असा धक्का पचविते. गावच्या गटाचे पान एकदा यादीतून घसरले, तर ते कशामुळे घसरले हे कळण्यासच वर्ष जाते, आणि तोवर दलाल दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

प्रगती मोजण्यासाठी दलालाची गरज नाही. गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन विनामूल्य आहे. संकेतस्थळ आपले आहे हे एकदा सिद्ध केले की, लोकांनी कोणते शब्द शोधले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले व सरासरी क्रमांक कितवा होता, हे त्यात दिसते. सोळा महिन्यांपर्यंतची माहिती तेथे राहते. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. तीन महिन्यांच्या आकड्यांची आधीच्या तीन महिन्यांशी तुलना करावी, आणि मिरचीसारख्या हंगामी मालाच्या बाबतीत मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशी करावी. गटाचे नाव लिहून येणाऱ्यांची संख्या वाढत असेल, तर समाजमाध्यमांवरील श्रम फळाला येत आहेत असे समजावे. पान पुष्कळ वेळा दिसूनही कोणी उघडत नसेल, तर दोष बहुधा शीर्षकात असतो. २०२४ पासून गूगल पुष्कळ शोधांच्या वर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवू लागले असल्यामुळे काही वाचक ते वाचून तेथेच थांबतात, ही गोष्टही आकडे पाहताना ध्यानात घ्यावी.

जागा कोणाची

शेवटी एका व्यावहारिक बाबीचा निर्देश केला पाहिजे. केवळ फेसबुकवर पान काढले म्हणजे संकेतस्थळाची गरज नाही, असे मानणाऱ्या संस्था थोड्या नाहीत. समाजमाध्यम ही परक्याच्या मालकीची जागा आहे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. गूगलचेच ‘गूगल प्लस’ एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्यावर उभी राहिलेली हजारो लोकांची ओळख एका रात्रीत पुसली गेली. यास्तव मूळ मजकूर, मूळ छायाचित्रे आणि चलच्चित्रांच्या प्रती आपल्या संकेतस्थळावर व आपल्या संगणकात असाव्यात, समाजमाध्यमांवर त्यांचे अंश जावेत.

आणि संकेतस्थळ तरी आपले आहे काय, हे तपासून घ्यावे. पुष्कळदा संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी ते तयार करणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावावर केलेली असते. त्याच्याशी वाद झाला, किंवा नूतनीकरणाचे शुल्क भरावयाचे राहिले, तर इतक्या वर्षांत जमविलेले सर्व दुवे आणि ओळख यांसह ते नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. नोंदणी संस्थेच्या नावावर करून घ्यावी, नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहावी, आणि परवलीचे शब्द एकाच व्यक्तीजवळ न राहता अध्यक्ष व चिटणीस या दोघांजवळही असावेत.